दुचाकी चालवायला शिकलात. थांबवायला शिकलात का?

दुकानासमोर स्कूटर थांबते. "एकच मिनिट" म्हणून बाबा इंजिन चालू ठेवूनच उतरतात. पुढे उभा असलेला चार वर्षांचा मुलगा खेळता खेळता मूठ पिळतो आणि स्कूटर समोरच्या भिंतीवर जाऊन आदळते. असा व्हिडिओ तुम्हीही मोबाइलवर पाहिला असेल, कदाचित हसलाही असाल. डॉक्टर म्हणून मला मात्र त्यात मुलाचे पोट हँडलवर आपटलेले दिसते.

लहान मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ आणि बरगड्या लवचिक असतात. त्यामुळे हँडलचा मार थेट आत पोहोचतो. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला इजा होऊ शकते, आणि वरून दिसतो फक्त एक छोटा वळ. त्रास काही तासांनी सुरू होतो. म्हणून हँडल पोटात लागले असेल तर मूल खेळत असले तरी डॉक्टरांना दाखवा. पोट दुखणे, उलट्या, चेहरा पांढरा पडणे, मूल मलूल होणे यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

मोठ्यांच्या बाबतीतही गाडी अशीच सुटते. गाडीने अचानक झेप घेतली की शरीर मागे फेकले जाते. आपण घाबरून हँडल घट्ट पकडतो, मनगट खाली जाते आणि मूठ आणखी पिळली जाते. वेग वाढतो, भीती वाढते, पकड आणखी घट्ट होते. दचकल्यावर हाताची मूठ आवळणे ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. "मूठ सोड!" असे मागून कितीही ओरडले तरी त्या क्षणी ते सुचत नाही. गिअरच्या मोटारसायकलवर क्लच दाबून चाकाची ताकद तोडता येते. बिनगिअरच्या स्कूटरला क्लचची दांडीच नसते.

म्हणूनच उजव्या मुठीजवळचे ते लाल बटण, म्हणजे इंजिन बंद करण्याचा किल स्विच, मला हेल्मेटइतकाच महत्त्वाचा वाटतो. हृदयाच्या तपासणीसाठी तुम्ही ट्रेडमिलवर चालता तेव्हाही ती तत्काळ थांबवण्याचे लाल बटण असतेच. मग रस्त्यावर धावणाऱ्या यंत्राबाबत आपण इतके बेफिकीर का? माझ्या मते हे बटण आणि साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद ठेवणारी सोय महागड्या मॉडेलपुरती नको, प्रत्येक दुचाकीवर हवी.

"त्या बटणाने इंजिन खराब होते" असा समज ऐकू येतो. तो निराधार आहे. चावी बंद केल्यावर जे होते तेच बटणानेही होते: इंजिन थांबते. फक्त त्यानंतर चावीही बंद करा, नाहीतर दिवा चालू राहून बॅटरी उतरते. आणखी एक भीती असते, इंजिन बंद केले तर ब्रेक लागणार नाही. दुचाकीचा ब्रेक इंजिनवर अवलंबून नसतो, तो लागतो.

आजपासून एवढे करा:

१. रोज गाडी आधी बटणाने आणि मग चावीने बंद करा. अंगठ्याला सवय लागली तरच संकटात तो आपोआप तिकडे जाईल. तुमच्या गाडीवर हे बटण नसेल तर उतरण्याआधी चावी बंद करायची सवय लावा.

२. मुलाला गाडीवर ठेवून उतरायचे असेल तर इंजिन बंद आणि चावी खिशात. खरे तर आधी मुलाला उतरवा.

३. इलेक्ट्रिक स्कूटरला आवाज नसतो, म्हणून ती बंद आहे असे गृहीत धरू नका.

४. मूठ सोडल्यावर ती स्वतःहून मागे फिरते का, ते अधूनमधून पाहा. अडकत असेल तर त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.

५. अपघातात पडलेली गाडी चालूच असेल तर आधी इंजिन बंद करा, मग जखमीला मदत करा. फिरत्या चाकात आणि चेनमध्ये बोटे जातात, सांडलेले पेट्रोल पेटू शकते.

मुलाला गाडी शिकवणार असाल तर पहिला धडा मूठ पिळण्याचा नको. गाडी उभी असतानाच, डोळे मिटून ते बटण त्याला दहा वेळा शोधायला लावा. आणि त्याच्या आधी एकदा स्वतः शोधून पाहा.