सनस्क्रीन लावा, पण दुपट्टा सोडू नका

नागपूरच्या उन्हाची ओळख करून द्यायला नको. २३ मे २०१३ रोजी शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशाच दिवसांत लग्नाच्या कापडखरेदीसाठी गांधीबागेत गर्दी होते आणि हमाल भरदुपारी हातगाड्या ओढत असतात. संध्याकाळी नाक, गाल, मान लाल होऊन चुरचुरू लागते. यालाही आपण ‘ऊन लागले’ म्हणतो. पण ऊन लागते ते उष्णतेने आणि कातडी भाजते ती सूर्याच्या अतिनील किरणांनी. म्हणून ढगाळ दिवशीही ती भाजू शकते.

सनस्क्रीन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, तेव्हा पारख आपणच करायची. ट्यूबवर ‘एसपीएफ ३०’ किंवा अधिक आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेले असावे. मुदतीची तारीख वाचा. गोरे करणारी क्रीम सनस्क्रीन समजून घेऊ नका. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉईड असते, त्याने कातडी पातळ पडते आणि उन्हाला जास्तच नाजूक होते.

नवी ट्यूब आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहा. खाज किंवा पुरळ आले नाही तरच चेहऱ्याला लावा. बाहेर पडण्यापूर्वी १५ मिनिटे, चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकी क्रीम घ्या. कान आणि हातांची पाठ विसरू नका. डोळ्यांत जाऊ देऊ नका. गेलीच तर भरपूर पाण्याने धुवा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर आणि जोहरच्या वुजूनंतर पुन्हा लावा. जखमेवर किंवा भाजलेल्या कातडीवर लावू नये. सहा महिन्यांखालील बाळाला सावली आणि सैल सुती कपडेच बरे. ट्यूब गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेने क्रीम खराब होते.

क्रीम म्हणजे बायकांची गोष्ट, असे म्हणून घरातले पुरुष ती टाळतात. दिवसभर उन्हात राबणारे मात्र बहुधा तेच असतात. त्यांनाही ती द्या.

एवढे करूनही क्रीम उष्माघात टाळत नाही. त्यासाठी दुपट्टा, पाणी आणि सावलीच हवी. खरेदी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उरका. कातडी भाजलीच तर गार पाण्याची घडी ठेवा, बर्फ चोळू नका, फोड फोडू नका. मोठे फोड आले किंवा ताप चढला तर डॉक्टरांना दाखवा. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर अंगावर पाणी मारत लगेच दवाखान्यात न्या.