खडीचे पैसे कुणी दिले?

मार्च महिना आला की आमच्या चौथीच्या वर्गात जमाखर्चाची उदाहरणे चालू असतात आणि तिकडे मुंबईत विधानसभेतही तीच. फरक एवढाच, की आमचे उत्तर तासाभरात येते.

परवा मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठून म्हणाला, "बाई, टीव्हीवर रोज भांडत्यात. सरकारकडं पैसं न्हाईत म्हणत्यात. मग छापायचं की!"

सगळा वर्ग हसला. मी हसले नाही, कारण लहानपणी मलाही असेच वाटायचे. मी टेबलावर दहा पेरू ठेवले आणि दहा मुलांना कागदाची एकेक नोट दिली. एका नोटेला एक पेरू. मग प्रत्येकाला आणखी एक नोट दिली. नोटा वीस झाल्या, पेरू मात्र दहाच. "आता एका पेरूला किती नोटा?" "दोन!" म्हणजे नोटा वाढल्या, पण पोटात जायचे तेवढेच गेले. शिवाय राज्य सरकारला नोटा छापता येतच नाहीत, ते काम रिझर्व्ह बँकेचे. राज्याला एक तर कर घ्यावा लागतो, नाही तर कर्ज काढावे लागते, नाही तर खर्च कमी करावा लागतो. दिल्लीहून वाटा येतो, पण तोही कुणाच्या तरी कराचाच असतो.

संध्याकाळी घरी आजीला हे सांगत होते. आजीला आकड्यांचे वावडे, पण पैशाची गोष्ट निघाली की ती हमखास बहात्तरच्या दुष्काळात शिरते. "येरळा पार कोरडी पडली हुती. ज्वारी न्हाई, कडबा न्हाई. आमी समद्या जावाजावा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. लेकरू झाडाखाली झोळीत. दुपारची सुकडी मिळायची. मुकादमानं हजेरी मांडली की जिवात जीव यायचा."

मी माझी पगाराची चिठ्ठी आणून तिला दाखवली. त्यात एक ओळ असते, 'व्यवसाय कर'. अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे अडीच हजार. तुमच्या आई-बाबांपैकी कुणी नोकरी करत असेल, तर त्यांच्या चिठ्ठीतही बहुधा ही ओळ सापडेल. आजीला म्हटले, "हा कर कशासाठी निघाला माहीत आहे का? तुझ्यासारख्या खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीसाठी."

आजी म्हणाली, "मंग माझी मजुरी तुझ्या पगारातनं व्हय?"

तसे नाही. ही गोष्ट जरा नीट सांगायला हवी.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ साली त्यांनी हा प्रयोग करून पाहिला. १९७२ मध्ये राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्या पन्नास लाखांत आमची आजी एक.

त्या वर्षी देशाचे अर्थमंत्री कोण होते? आपल्या कराडचे यशवंतराव चव्हाण. फेब्रुवारी १९७३ मध्ये त्यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्यात ५५० कोटी रुपयांची तूट होती. त्या काळात ही रक्कम एवढी मोठी वाटली, की त्याला 'काळा अर्थसंकल्प' असे नाव पडले ते आजतागायत. नाव वाचून काही तरी वाईट केले असे वाटते. पण दुष्काळात तिजोरी जपायची की माणसे? मला विचाराल तर माणसे. घरात कुणी आजारी पडले की आपण उसने काढतोच ना? प्रश्न पुढचा असतो. माणूस बरा झाल्यावर उसने फेडायचे कसे, आणि पुढच्या आजारपणाची तजवीज काय?

पाऊस पडला, दुष्काळ संपला, पण हातांना काम लागतच होते. दुष्काळासाठी येणारी दिल्लीची मदत मात्र आटली. तेव्हा राज्याने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, दुकानदार, वकील, डॉक्टर यांच्याकडून थोडे थोडे घ्यायचे आणि ते खेड्यातल्या मजुरीसाठी वापरायचे. इतरही काही कर त्यात जोडले गेले आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. १९७७ मध्ये हमीचा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. एकमताने! हल्ली हा शब्द ऐकला की मी दोनदा वाचून खात्री करते.

म्हणजे आजी, तुझी मजुरी माझ्या पगारातून नव्हे, तुझ्या मागून आलेल्यांची. मुंबईच्या कचेरीतल्या कारकुनाचे पैसे खटाव-माणच्या बांधावर पोचायचे. पुढे या निधीचेही वाद झाले. कर भरपूर जमतो, पण कामांवर तेवढा खर्च होत नाही, अशी टीका झाली.

आता माझी एक चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात एकदम जाहीर केले, "यंदा सहल औंधला! संग्रहालय बघायचे, यमाईचा डोंगर चढायचा!" मुलांनी आरोळ्या ठोकल्या. हिशेब मी नंतर केला. बस आणि खाऊ मिळून ९,५०० रुपये, मुले ३८, प्रत्येकी २५० रुपये. पैसे आणले ३१ जणांनी. १,७५० रुपये कमी पडले. बस ठरवून बसले होते, शब्द मोडवेना, म्हणून खेळाच्या साहित्यासाठी ठेवलेल्या पैशांतून ते भरले. सहल झकास झाली. पण सात मुले आली नाहीत. कुणी म्हणाले पोट दुखतेय, कुणाला मामाकडे जायचे होते. त्यांच्या जागेचे पैसे मी भरले होते आणि तरी ती जागा रिकामीच गेली, कारण पैशामुळे येत नाहीत हे मला मागाहून कळले. पुढच्या वर्षी आलेल्या वर्गाला चेंडू नव्हता की दोरीच्या उड्यांची दोरी. सहल एका वर्गाने केली आणि लंगडीवर वर्ष काढले दुसऱ्याने.

सरकारचे कर्ज असेच असते. घेणारा वर्ग वेगळा, फेडणारा वेगळा. फेडणाऱ्या वर्गात तुम्ही आहात, म्हणून हे तुम्हाला सांगते.

राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प अजित पवार यांनी १० मार्च २०२५ रोजी मांडला. त्यात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. वजाबाकी तुम्ही करा. एवढी शून्ये फळ्यावर मावत नाहीत, म्हणून आम्ही वर्गात असे मांडले, की १०० रुपये येणार आणि १०८ जाणार. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६,००० कोटी ठेवले होते, म्हणजे त्या १०८ मधले सहा-साडेसहा रुपये.

यावर विधानसभेत झाले तेच वर्गात झाले. एक गट म्हणाला, पैसे नाहीत तर वाटायचे कशाला? तेवढ्यात एक मुलगी उठली. एरवी ती बोलत नाही. "बाई, माझ्या आईला दीड हजार मिळत्यात. त्यातनं शिलाई मशीनचा हप्ता जातोय. आता ती घरीच ब्लाऊज शिवती." वर्ग गप्प झाला. मग गणितात हुशार असलेल्या एकाने विचारले, "मग रोजगार हमीला कर लावला, तसा ह्याला कुठला लावला?"

दोघांचेही मला खरे वाटले. तूट राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायची, असे राज्याने २००५ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यानंतर स्वतःला घालून घेतलेले बंधन आहे. सरकार म्हणते आम्ही मर्यादेत आहोत, विरोधक म्हणतात काठावर आहोत. पण त्या मुलाच्या प्रश्नाचे सरळ उत्तर मला टीव्हीवरच्या एकाही भांडणात ऐकू आले नाही. पालकांनो, तुम्हाला सापडले तर मुलांना जरूर सांगा.

हो, यंदाची सहल अजून ठरायची आहे. या वेळी आधी हिशेब. बस आणि खाऊचे १०,८०० रुपये, मुले ३६, आणि त्यांतल्या पाच जणांना पैसे आणणे जमणार नाही, हे मी आधीच घरी जाऊन विचारून आले आहे. खेळाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि पाचही जण बसमध्ये हवेत. वर्गाने बालबाजार भरवायचे ठरवले आहे. मेथी, लिंबू, घरचे पापड. बाजारातून किती मिळाले पाहिजेत आणि तेवढे न मिळाले तर काय करायचे, हे पोस्टकार्डावर लिहून पाठवा. चांगली पत्रे वर्गात वाचून दाखवीन.