आधी भरपाई, मग सवलत

भोसरीच्या वर्कशॉपमधून चाकणच्या कारखान्यात गेलेला माल सदोष निघाला, तर खरेदी विभाग काय करतो? लॉट परत पाठवतो, डेबिट नोट काढतो, कधी लाइन थांबल्याचा खर्चही मागतो. ‘पुढच्या ऑर्डरवर सूट देतो, एवढ्या वेळी सांभाळून घ्या’ म्हणणाऱ्या पुरवठादाराला गेटच्या आत कोण घेईल?

त्याच कारखान्यातला कामगार मनगटावरचा फिटनेस ट्रॅकर वॉरंटीत बंद पडल्याची तक्रार करतो, तेव्हा त्याला मात्र हेच ऐकवलं जातं: दुरुस्ती होत नाही, नवा घ्या, कूपन देतो. कूपन बहुधा छापील किमतीवर. सेलमध्ये तोच ट्रॅकर त्याहून स्वस्त! याला भरपाई म्हणायचं? ही दुसरी विक्री झाली.

बॅटरी तापून भाजण्याच्या तक्रारींवरून फिटबिटने मार्च २०२२ मध्ये ‘आयोनिक’ घड्याळं परत मागवली. अमेरिकेतल्या ग्राहकांना २९९ डॉलर परत मिळणार होते, ४० टक्के सूट त्याशिवाय. क्रम असा हवा. (तिथे सरकारी सुरक्षा आयोग मागे उभा होता, हेही खरं.)

आपली ग्राहक चळवळ जुनी आहे आणि कायदाही दुबळा नाही. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली ती पुण्यातच, १९७४ मध्ये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षं. तेव्हा पावती जपा, नकार लेखी मागा आणि कूपन वापरण्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करा.