आधी मास्तरला बघू द्या

लहान मुलांना विज्ञानाची आणि निसर्गाची गोडी लावली पाहिजे, याविषयी आपल्याकडे मतभेद नाही. मंत्री तेच म्हणतात, संपादक तेच म्हणतात, आणि शाळा सोडल्यापासून ज्यांनी झाडाचे एक पान उलटून पाहिलेले नाही असे पालकही तेच म्हणतात. ज्या गोष्टीवर एवढे एकमत होते तिच्याबाबतीत सहसा काहीच घडत नाही, असा माझा अनुभव आहे. ही गोडी ज्याने लावायची त्या मास्तरचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो मी येथे विचारणार आहे. आणि जरा मोठ्या आवाजात विचारणार आहे, कारण हळू आवाजात विचारून झाले आहे.

माझ्यापाशी विज्ञानाची पदवी नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, लहान मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीवाल्याने विज्ञानात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर असे की, दोन्ही धंद्यांचे भांडवल एकच आहे: समोरची वस्तू नीट बघणे, आणि लोक तिच्याविषयी काय म्हणतात ते थोडा वेळ बाजूला ठेवणे.

मुळात मुलांना गोडी लावावी लागते, ही समजूतच खोटी आहे. ती घेऊनच मूल शाळेत येते. आपण करतो ते एवढेच की, चार वर्षांत ती पद्धतशीरपणे काढून घेतो. मृगाची सर पडून गेली की आमच्या शाळेच्या मैदानात लाल मखमलीचे किडे निघतात. चौथीतल्या एका मुलीने त्यातला एक तळहातावर घेतला आणि ती माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, पुस्तकात कीटकाला सहा पाय आहेत. याला आठ आहेत. मग हा किडा कसा?" ती बरोबर होती. मृगाचा किडा हा कीटक नव्हेच; तो कोळ्याच्या गोतातला. गंमत अशी की, याच प्राण्याच्या पिल्लाला सहाच पाय असतात आणि मोठेपणी ते आठ होतात! ज्या प्रश्नाने प्राणिशास्त्राचे दार उघडते तो प्रश्न नऊ वर्षांच्या पोरीने केवळ मोजून काढला. आणि आमच्या परीक्षेत त्या मोजण्याला गुण किती? शून्य. गुण आहेत ते 'कीटकांना सहा पाय असतात' हे वाक्य लिहिण्याला.

अशी उदाहरणे अंगणाअंगणात पडलेली आहेत. सुगरणीचे घरटे घ्या. नाव बाईचे, कौतुक बाईचे. पण पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीखाली अर्धा तास उभे राहा. गवताचे धागे आणून विणकाम करतो तो पिवळ्या डोक्याचा नर. घर अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडले तर ते पुरे व्हायचे, नाही तर त्या कारागिराची सगळी मेहनत वाऱ्यावर. शेकडो वर्षांची भाषा एका बाजूला आणि अर्ध्या तासाचे बघणे दुसऱ्या बाजूला! 'बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हेही असेच. मैदानात काठी रोवून सावली मोजा. पुण्या-मुंबईकडे ती सर्वांत आखूड होते साधारण साडेबाराच्या सुमारास, कारण आपले घड्याळ लावलेले आहे साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, आणि आपण आहोत त्याच्या बरेच पश्चिमेला. सूर्य अगदी डोक्यावर येतो तो तर महाराष्ट्रात वर्षातून दोनच दिवस. याला प्रयोगशाळा लागत नाही. काठी लागते, खडू लागतो आणि मास्तरला मोकळी दुपार लागते. पहिल्या दोन वस्तू आमच्यापाशी आहेत.

28 फेब्रुवारी हा दिवस 1987 पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी मुले सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे चरित्र पाठ म्हणतात. जन्म अमुक साली, नोबेल पारितोषिक 1930 साली, टाळ्या! पण रामन यांनी केले काय? 1921 साली इंग्लंडहून बोटीने परत येताना त्यांना प्रश्न पडला की, समुद्र निळा का. 'त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते' असे एका थोर शास्त्रज्ञाचे उत्तर तयार होते. रामन यांनी ते पाठ केले नाही. जवळच्या लहानशा निकोल लोलकातून त्यांनी ते प्रतिबिंब अडवले आणि पाहिले, तर पाणी तरीही निळेच! आमच्या वर्गात एखाद्या पोराने पुस्तकातल्या उत्तराशी असा वाद घातला, तर त्याला आपण काय म्हणतो ते वाचकांना सांगायला नको. रामन यांच्या नावाने पाठांतराची स्पर्धा घेणे ही त्यांची थट्टा आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तरच आळशी, मास्तरच अडाणी. आळशी मास्तर आहेत, मी नाकारीत नाही. पण कामसू मास्तरचीही अवस्था काय आहे ते पाहा. शाळेत विज्ञानाची पेटी आहे. तिच्यात भिंग आहे, चुंबक आहे. पण पेटी कुलपात, कारण ती डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली आहे. भिंग फुटले तर जाब मास्तरला. मुलांनी त्याला कधी हातच लावला नाही, तर जाब कोणालाच नाही! मग शहाणा मास्तर काय करील? निसर्गाची सहल काढा असे वरून येते, तेव्हा सहलीपेक्षा तिचे फोटो आणि अहवाल महत्त्वाचे ठरतात. प्रकल्प करा असे येते, आणि स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तयार तक्ते टांगले जातात. ते रात्री अकरा वाजता आईने चिकटवायचे आणि सकाळी मुलाने मिरवायचे. खिडकीबाहेर कोतवाल पक्षी शेपटी हलवीत बसलेला असतो, आणि वर्गात पडद्यावर त्याची चित्रफीत चालू असते.

शिवाय 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 27 म्हणते की, दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्तीतील मदत आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाखेरीजचे काम देऊ नये. हे कलम मी अनेकदा वाचले आहे. वाचताना फार बरे वाटते.

हे सगळे अशक्य कोटीतले आहे काय? मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर काय केले? मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी ती कुरणात नेली. झाड, ओढा, माती हेच साहित्य. शेजारच्या मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. 1978 मध्ये ते काम जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक वर्गांत, म्हणजे सहावी ते आठवीत, पोहोचले. त्यांनी पहिला हात दिला तो शिक्षकाला. शिक्षकांनी स्वतः बी रुजवले, स्वतः मोजमाप केले, स्वतः चुका केल्या. दरमहा एकत्र बसून अडचणी मांडल्या. परीक्षेला मुलांनी पुस्तक उघडे ठेवून बसावे, अशी सोय होती, कारण उत्तर पुस्तकात नव्हतेच. 2002 साली सरकारने ते काम बंद केले. तीस वर्षे उभे राहिलेले झाड एका हुकुमाने पाडता येते. तसे झाड उभे करणारा हुकूम मात्र अद्याप निघालेला नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, असे म्हणतात. आताही जो पुरा होतो तो मास्तरचा, मुलांचा नव्हे. बाहेर साप-विंचू असतात, म्हणतात. असतात, आणि आमच्या गावची मुले शाळा सुटल्यावर त्यांच्यातूनच घरी जातात. त्यांना काय टाळावे ते शिकवणारा कोणी सोबत असलेला बरा. मास्तरलाच झाडांची नावे येत नाहीत, असेही म्हणतात. मग 'मलाही ठाऊक नाही, चला बघू' हे वाक्य वर्गात उच्चारण्याची त्याला मुभा द्या. त्या वाक्याने मास्तरची अब्रू जात नाही. विज्ञान तिथूनच सुरू होते.

माझे मागणे मोठे नाही. आठवड्यातला एक तास मास्तरला आणि मुलांना वर्गाबाहेर द्या, आणि त्याचा फोटो मागू नका. भिंगे, चुंबके डेडस्टॉकमधून मुक्त करा. वापरून फुटलेल्या वस्तूला खर्ची टाका. केंद्रावर दरमहा शिक्षण परिषद भरते, तिच्यात परिपत्रके वाचण्याऐवजी मुलांनी विचारलेले प्रश्न मांडू द्या. आणि प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा घाला की, जो बाहेर जाऊन पाहिल्याशिवाय सुटणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडतील तेव्हा सुगरणीची घरटी रिकामी झालेली असतील. वाऱ्याने खाली पडलेले एखादे सापडलेच, तर त्याच्या आत चिखलाचे गोळे चिकटवलेले दिसतील. ते कशासाठी, यावर पंडितांचेही एकमत नाही. तपासणीला येणाऱ्या साहेबांना माझी विनंती आहे की, त्या दिवशी त्यांनी रजिस्टर मागू नये. मुलांच्या घोळक्यात मांडी घालून बसावे, घरटे हातात घ्यावे आणि ते गोळे मोजावेत.