चला, इंग्रजी बोलू : घेतलेला कपडा बदलताना



गेल्या खेपेस आपण दुकानात भाव विचारायला शिकलो. समजा, भाव विचारून शर्ट घेतला, घरी आणला आणि पोराच्या अंगात घातला, तर काखेत तंग! तालुक्याच्या पेठेत याची चिंता नाही. दुकानदार ओळखीचा, 'शेठ, एक नंबर मोठा द्या,' म्हटले की काम झाले. पण आता कुणाची लेक बंगळूरला शिकते, कुणाचा मुलगा चेन्नईत नोकरी करतो. तिथे मराठी चालत नाही. बोलायचे कसे, म्हणून माणूस गप्प बसतो आणि घामाच्या पैशाचा शर्ट पेटीच्या तळाशी पडून राहतो. तसे होऊ नये, यासाठी आजचा धडा.

आधी तीन शब्द पाठ करा. 'रिटर्न' म्हणजे माल परत करणे. 'एक्स्चेंज' म्हणजे त्याच्या बदली दुसरा घेणे. 'रिफंड' म्हणजे पैसे परत मिळणे. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत हेच शब्द असतात. 'एक्स्चेंज विदिन सेव्हन डेज' म्हणजे ७ दिवसांच्या आत बदलून मिळेल. 'नो रिफंड' म्हणजे पैसे परत नाहीत. हे पैसे मोजण्याआधी वाचावे.

आता दुकानातले बोलणे. मोठ्याने म्हणा.

'एक्स्क्यूज मी. आय बॉट धिस शर्ट येस्टरडे.' – जरा ऐकता का? हा शर्ट मी काल घेतला.
'इट इज टू स्मॉल. कॅन आय एक्स्चेंज इट, प्लीज?' – हा फारच लहान होतो. बदलून मिळेल का?
'डू यू हॅव द बिल?' – बिल आहे का?
'येस, हिअर इट इज.' – हो, हे घ्या.
'व्हॉट साइझ डू यू वाँट?' – कोणता नंबर हवा?
'फॉर्टी-टू, प्लीज.' – ४२ नंबर द्या.

'टू' म्हणजे नको इतका. 'टू टाइट' तंग, 'टू लूज' ढगळ, 'टू लाँग' फार लांब. पँट एकच असली तरी इंग्रजीत ती अनेकवचनी : 'दीज पँट्स आर टू लाँग.' आणि नुसते 'चेंज प्लीज' म्हणू नका. 'चेंज' म्हणजे सुटे पैसेही होतात. दुकानदार चिल्लर काढायला लागायचा!

आता महत्त्वाची गोष्ट. माप चुकले, रंग आवडला नाही, तर बदलून देणे हे दुकानाच्या नियमावर असते. तिथे 'कॅन आय' म्हणून विनंती करावी. पण कपडाच सदोष निघाला, तर ती विनंती नाही, तो आपला हक्क आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत न घेणे आणि बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीसुद्धा तशीच. तेव्हा न घाबरता म्हणा :

'देअर इज अ होल हिअर.' – इथे भोक आहे.
'द झिप इज ब्रोकन.' – चेन तुटलेली आहे.
'आय वुड लाइक अ रिफंड, प्लीज.' – मला पैसे परत हवेत.

आवाज चढवू नका, पण मागेही हटू नका. तरी ऐकले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. मात्र बिल जपून ठेवा, कपड्यावरची चिठ्ठी तोडू नका आणि घालून पाहण्याआधी धुऊ नका. घरच्या माउलींनी हे ध्यानात ठेवले, तर निम्मे काम झालेच.

स्वाध्याय : 'ही पँट फार ढगळ आहे. बदलून मिळेल का?' हे इंग्रजीत म्हणा. एकाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक. शाळेतली मुले चूक काढतील, तर रागावू नका. उत्तर पुढच्या अंकी.