हात काळे करणारा छंद

तिकिटे जमविणे हा छंद, आणि जुनी चेनसॉ उघडून बसणे मात्र मिस्त्रीकाम, ही विभागणी मला पटत नाही. आमच्या आर्णीकडचे लाकूड म्हणजे साग. त्यात सिलिका असते, म्हणून साखळीचे दात लवकर बोथट होतात. ढलप्यांऐवजी पीठ पडू लागले की गोल कानस घेऊन प्रत्येक दाताला एकाच कोनात, मोजून सारखे हात द्यावे लागतात. कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरला तरी आवाज बदलतो. तो कानानेच ओळखायचा. अमेरिकेतील जोसेफ कॉक्स यांना या दातांची कल्पना लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून सुचली. १९४७ साली ती साखळी विक्रीस आली. आम्हाला मात्र घरीदारी एकच प्रश्न, 'कॉलेजात जाऊन हात काळेच करायचे?' स्नेहसंमेलनाच्या छंद-प्रदर्शनात यंदा तिकिटांच्या वहीशेजारी दुरुस्त केलेल्या चेनसॉलाही जागा मिळावी.