पिशवी निघाली, पोटदुखीचे काय?

पोटावरची शौचाची पिशवी निघते तो दिवस रुग्णाच्या घरात सणासारखा असतो. तीन-चार महिने, कधी वर्षभर कपड्यांखाली लपवलेली ती पिशवी एकदाची जाते. आता एसटीत बसता येईल, लग्नकार्याला जाता येईल, कामावर परतता येईल. नातेवाईक म्हणतात, ‘सुटलात!’ वॉर्डातही सांगितले जाते, की ही छोटी शस्त्रक्रिया आहे. मग घरी गेल्यावर एका रात्री पोटात जोराची कळ येते आणि रुग्णाला वाटते, आतले टाके सुटले. पोट दुखणार आहे, हेच त्याला कुणी सांगितलेले नसते. कोणते दुखणे सोसायचे आणि कोणत्या दुखण्याला घाबरायचे, हे तर नाहीच नाही.

स्टोमा बंद केल्यानंतरची पोटदुखी हा आपल्याकडे कुणाचाच विषय नसतो. सर्जनच्या दृष्टीने शस्त्रक्रिया झालेली असते, रुग्णाच्या दृष्टीने आजार संपलेला असतो. मधले चार-सहा आठवडे रुग्णाने मेडिकलवाल्याच्या आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्याने काढायचे, अशी जणू रीतच पडून गेली आहे. ती मोडायला हवी. या दुखण्याची माहिती देणे आणि त्याची विचारपूस करणे हा सौजन्याचा भाग नाही. तो उपचाराचा भाग आहे.

आतड्याचे तोंड पोटावर काढून ठेवण्याची वेळ अनेक कारणांनी येते. टायफॉईडमुळे आतड्याला पडलेले छिद्र, आतड्याचा क्षयरोग, आतड्याला बसलेला पीळ, अपघातातील मार ही सरकारी रुग्णालयांत नेहमी दिसणारी कारणे. गुदाशयाच्या कर्करोगात आतड्याचा खालचा जोड नीट भरून यावा म्हणूनही काही काळ मलाचा मार्ग वरच वळवतात. लहान आतड्याचे तोंड बाहेर काढले तर इलिओस्टॉमी, मोठ्या आतड्याचे काढले तर कोलोस्टॉमी. प्रकृती सावरल्यावर, बहुधा दोन-तीन महिन्यांनी आणि केमोथेरपी चालू असेल तर त्याहून उशिरा, ही टोके पुन्हा जोडली जातात. म्हणजे ज्याला ‘छोटी’ म्हणतात ती शस्त्रक्रिया आधीच अशक्त झालेल्या, अनेकदा कर्जात बुडालेल्या माणसावर होत असते.

ती किती छोटी असते, याची आकडेवारी उपलब्ध आहे. इलिओस्टॉमी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेवरील ४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा हजारांहून अधिक रुग्ण होते. सुमारे १७ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली, सुमारे ७ टक्के रुग्णांचे लहान आतडे अडकले आणि सुमारे ०.४ टक्के रुग्ण दगावले. बहुसंख्य रुग्ण सुखरूप बरे होतात, हे यातून दिसतेच. पण दर सहा रुग्णांमागे एकाला त्रास होत असेल, तर ‘काही नाही, छोटे ऑपरेशन आहे’ एवढ्यावर निरोप घेणे योग्य नाही.

शस्त्रक्रियेनंतर पोट दुखते, त्याची कारणे समजली तर निम्मी भीती कमी होते. पहिले दुखणे जखमेचे. ते एका जागी असते. उठताना, खोकताना, कूस बदलताना वाढते. अनेक सर्जन स्टोमाची जागा बटव्याची नाडी आवळावी तशी आवळून शिवतात आणि मधे एक लहान छिद्र मुद्दाम उघडे ठेवतात, म्हणजे आत पू साठत नाही. त्यातून थोडे पातळ, लालसर-पिवळे पाणी येते आणि काही आठवड्यांत ती जागा आतून भरून येते. हे आधी सांगितले नाही, तर घरचे लोक ‘टाका उसवला’ म्हणून घाबरतात. कोलोस्टॉमी बंद करताना काही रुग्णांचे पोट पुन्हा मध्यावर उघडावे लागते. त्यांचे दुखणे अर्थातच जास्त आणि जास्त दिवसांचे असते.

दुसरे दुखणे आतड्याचे. शस्त्रक्रियेत हाताळलेले आतडे काही दिवस सुस्त पडते. पोट फुगते, मळमळते, वारा सरत नाही. शिवाय स्टोमाच्या पलीकडचे आतडे कित्येक महिने रिकामे असते. वापर नसल्याने ते आकसते, त्याचे स्नायू आणि आतले अस्तर क्षीण होते. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या पाटात एकदम पाणी सोडले की ते अडखळत, उसळत जाते. तसेच या आतड्याचे होते. कळ येते, पोटात गुडगुडते, वारा सरला किंवा शौचाला झाले की बरे वाटते. येणारी-जाणारी ही कळ बहुतेकदा आतडे कामाला लागल्याची खूण असते.

तिसरे दुखणे सांगायला रुग्ण सर्वात जास्त लाजतो. ते गुदद्वाराचे. शौच पातळ आणि वारंवार होते, त्यात पित्ताचे क्षार असतात, त्यामुळे त्वचा सोलवटते आणि आग होते. गुदाशयाचा भाग काढलेल्या रुग्णांना तर एका तासात तीन-चार वेळा जावे लागणे, घाई होणे, पोट साफ न झाल्यासारखे वाटणे असा त्रास अनेक महिने होऊ शकतो. तो बहुधा वर्ष-दीड वर्षात हळूहळू कमी होतो, काहींचा पूर्ण जात नाही. झिंक ऑक्साइडचे मलम, कागदाने घासण्याऐवजी कोमट पाण्याने धुणे आणि अलगद टिपून कोरडे करणे एवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो. पण त्यासाठी कुणी तरी विचारायला हवे.

मग घाबरायचे कशाला? यासाठी घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात राहील असा एक प्रश्न आहे : कालच्यापेक्षा आज दुखणे कमी आहे का? ते किती आहे, यापेक्षा ते कोणत्या दिशेने चालले आहे हे महत्त्वाचे. दिवसेंदिवस उतरणारे दुखणे, थोडे जास्त असले तरी, बहुधा भरून येण्याचे असते. उतरत आलेले दुखणे पुन्हा चढू लागले, एका जागेवरून सगळ्या पोटभर पसरले, येणे-जाणे सोडून सतत राहू लागले, तर ते घरी थांबण्याचे नाही. आतड्याचा जोड गळण्याचा धोका मुख्यतः पहिल्या आठवडा-दहा दिवसांत असतो, आणि नेमक्या याच काळात रुग्ण घरी गेलेला असतो. ताप, थंडी, नाडीचा वाढलेला वेग, पोट फुगून टणक होणे, हिरवट उलट्या, वारा आणि शौच दोन्ही बंद होणे, जखमेतून पू किंवा मल येणे यापैकी काहीही दिसले, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि शक्यतो शस्त्रक्रिया झाली त्याच रुग्णालयात जावे.

एक टोक असे, की माणूस साध्या कळेला घाबरून खाणे-फिरणे सोडतो. दुसरे टोक असे, की ‘ऑपरेशन झाले म्हणजे दुखणारच’ म्हणून तो तीन दिवस जोडाची गळती अंगावर काढतो. दोन्हींचे मूळ एकच आहे. त्याला फरक सांगितलेला नाही.

वेदनाशामक गोळ्यांबाबतही तेच. गोळीची ‘सवय लागेल’ या भीतीने अनेक जण ती टाळतात. मग दुखते म्हणून दीर्घ श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत, अंथरुणातून उठत नाहीत. त्यातून छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीचे काही दिवस पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी घेणे हे दुखणे असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा चांगले. याउलट, मेडिकलच्या दुकानातून ‘जालीम’ गोळी मागून घेणारेही कमी नाहीत. त्यात बहुधा डायक्लोफिनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफिनॅक असते. जुलाबांनी शरीरातले पाणी कमी झाले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला धोकादायक ठरू शकतात, जठरात व्रण होऊ शकतो आणि आतड्याचा जोड ताजा असताना त्यांच्याबाबत सर्जन सावध असतात. अशा मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. वेगळी गोळी चालू असेल, तर मात्रा नकळत दुप्पट होते. ट्रॅमाडॉलसारख्या औषधांनी आतडे अधिकच सुस्तावते. शौचाला झाले नाही म्हणून एरंडेल किंवा एनिमा घेणे तर सर्जनला विचारल्याशिवाय मुळीच नको.

खाण्याचा प्रश्न दुखण्याशी बांधलेला आहे. दिवसातून आठ-दहा वेळा जावे लागते, घरात स्वच्छतागृह नसते किंवा चाळीत ते सामाईक असते, म्हणून माणूस जेवणच कमी करतो. त्याने शौचाच्या खेपा फारशा कमी होत नाहीत. पोटात वारा धरतो, अशक्तपणा येतो, जखम भरत नाही. त्यापेक्षा थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे, घास बारीक चावावा. पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळे, उकडलेला बटाटा यांनी सुरुवात करावी. मक्याचे कणीस, शेंगदाणे, कच्चा कोबी, जाड सालींची फळे, उसळी आणि झणझणीत रस्सा काही आठवडे दूर ठेवून मग एकेक पदार्थ घेऊन पाहावा. जुलाब जास्त असतील तर नुसते पाणी पुरत नाही, ओआरएस लागते. जुलाब थांबवणारी गोळी उपयोगी असते, पण ती डॉक्टरांना विचारून. पोट फुगलेले असताना तीच गोळी घातक ठरू शकते.

आणि ओझे. स्टोमाची जागा ही पोटाच्या भिंतीतली कमकुवत जागा असते. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, जाळी न बसवता नेहमीच्या पद्धतीने शिवलेल्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांना दोन वर्षांत तिथे हर्निया झाल्याचे आढळले, जाळी बसवलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. म्हणून सहा ते आठ आठवडे वजन उचलू नये, असे सांगितले जाते. चालणे मात्र पहिल्या दिवसापासून हवे, आणि खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. पण ‘वजन उचलू नका’ हे ऐकून हमाली करणारा माणूस दोन आठवड्यांत कामावर जातो, कारण घरी चूल पेटायची असते. आणि घरातल्या बाईच्या बाबतीत पाण्याचा हंडा, गॅसचे सिलिंडर, कडेवरचे मूल हे वजन आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. हा सल्ला रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही, अशाच नेमक्या शब्दांत द्यायला हवा.

आज त्याच्या हाती काय दिले जाते? इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड. त्यावर तीन-चार गोळ्यांची नावे, ‘एसओएस’ हा शेरा आणि सात दिवसांनी ओपीडीत येण्याची सूचना. ‘एसओएस’चा अर्थ ‘गरज पडल्यास’ असा आहे, हे रुग्णाला कसे कळावे? वॉर्डात दुखणे शून्य ते दहा अशा आकड्यांत विचारतात. आकड्याचा अंदाज नसलेला रुग्ण ‘बरं आहे साहेब’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी ‘रात्री झोप लागली का? खोकताना पोट धरावे लागते का? आपले आपण उठून बसता का?’ असे विचारले, तर खरे उत्तर मिळते.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते : खाटा कमी, रुग्ण जास्त, डॉक्टरांना वेळ नाही. यातले काहीच खोटे नाही. पण हे काम डॉक्टरांनीच करायला हवे असेही नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात स्टोमाची काळजी घेणारे स्वतंत्र क्लिनिक आहे, त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले परिचारक-परिचारिका असतात. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ते लगेच होणार नाही. पण मोठ्या अक्षरांत मराठीत छापलेले एक पान, सुट्टीच्या दिवशी परिचारिकेची दहा मिनिटे, कुणी तरी उचलेल असा एक दूरध्वनी क्रमांक आणि घरी गेल्यावर तिसऱ्या व सातव्या दिवशी रुग्णालयातून एक फोन, एवढे कोणत्याही सरकारी रुग्णालयाला परवडते. गावातल्या आशाताईंना धोक्याची चार लक्षणे सांगून ठेवली, तर रुग्ण वेळेत परत येण्याची शक्यता वाढेल. गळती उशिरा कळली, तर पुन्हा शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातले दिवस आणि बहुधा पुन्हा तीच पिशवी. त्यापुढे एका पानाचा खर्च तो काय?

तोवर रुग्णाने आणि घरच्यांनी डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर लगेच उठू नये. तीन गोष्टी विचारून, मराठीत लिहून घ्याव्यात : दुखले तर कोणती गोळी, किती आणि किती वाजता, कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे, आणि रात्री कुणाला फोन करायचा. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. ज्या रुग्णाने इतके महिने ती पिशवी निमूटपणे सांभाळली, त्याला आपल्या दुखण्याविषयी बोलण्याचा हक्क आहे, आणि ते ऐकून घेणे हे रुग्णालयाचे काम आहे.